बापच म्हणाला

उस्मानपुऱ्यात मोटार वाइंडिंगची तीन दुकानं एका ओळीत आहेत. त्यातलं मधलं अप्पाराव बावस्करांचं. पाटीवरचा रंग कधीच उडालाय, पण पाटी वाचून तिथं कुणी येतही नाही. फुलंब्री, कन्नड, सोयगावकडचा शेतकरी जळलेली मोटार टेम्पोत टाकून येतो आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारतो, "ते कमी बोलणारे मिस्तरी कुठं बसतात?" चहावाला मानेनंच दाखवतो.

अप्पाराव कमी बोलत हे खरं, पण घुमे नव्हते. बोलायच्या जागी ते नेमकं बोलत. सोयगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी कुणाकडं मयत झाली की भाऊबंद त्यांना पुढं बसवायचे. चार माणसं माना खाली घालून बसली की सुरुवात कुणी करायची, हा मोठा प्रश्न असतो. अप्पाराव घसा खाकरून म्हणायचे, "चालतंच असं. आपल्या हातात काय हाय?" नाहीतर म्हणायचे, "दोरीच तेवढी होती." ही वाक्यं त्यांची नव्हती. वडिलांच्या तोंडची, वडिलांना आजोबांकडून आलेली. त्यांचा अर्थ कुणी बघत नाही. बसलेल्या माणसांना उठता यावं, एवढ्यासाठीच ती असतात.

एकोणिसाव्या वर्षी ते गाव सोडून शहरात आले. जमीन होती, पण तीन भावांत पुरण्यासारखी नव्हती, आणि अप्पारावांना यंत्राचं वेड. उस्मानपुऱ्यातच एका उस्तादाच्या हाताखाली त्यांनी चार वर्षं काढली. जुनी कॉइल छिन्नीनं तोडायची, तिचे वेढे मोजायचे, तेवढेच वेढे नव्या तारेचे घालायचे. उस्ताद म्हणायचा, "गिनती चुकी तो मोटर फिर जलती, मियाँ." पुढं स्वतःचं दुकान झालं, त्याच कामावर पडेगावला दौलताबाद रस्त्याच्या आतल्या अंगाला गुंठाभर जागा झाली, दोन खोल्या झाल्या, पुढं पत्र्याची पडवी झाली. बायको गोजरबाई, मुलगा आकाश, मुलगी अमृता. सांगण्यासारखं दुःख घरात नव्हतं.

आकाश आयटीआय करून वाळूजच्या एका कंपनीत लागला होता. चोवीस वर्षांचा. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे मोबाइल तो नीट करून द्यायचा आणि वर त्यांना त्यांचेच फोटो काढून दाखवायचा. पहिली पाळी असली की पहाटे साडेपाचला निघायचा. मोटारसायकल छावणीच्या पुढं नाक्यावर लावायची, तिथून कंपनीची बस. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी तो निघाला तेव्हा नुकताच पाऊस उघडला होता. घरापासून सातशे-आठशे पावलांवर पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खोदून ठेवलेला होता. चर काठोकाठ भरला होता, आणि पाण्यानं भरलेला चर उजाडायच्या आत रस्त्यासारखाच दिसतो. भोवती पट्टी नव्हती, फलक नव्हता, साधे दोन दगडसुद्धा कुणी लावले नव्हते.

पावणेसहाला दूधवाल्यानं फोन केला. आठ वाजता डॉक्टरांनी मान हलवली. संध्याकाळी अप्पारावांनी मुलाला अग्नी दिला. ते रडले नाहीत. लोक म्हणाले, "माणूस खंबीर हाय." अप्पारावांना स्वतःला खंबीर वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. हात अंगाखाली सापडून बधिर व्हावा आणि आपला असून आपला वाटू नये, तसं सगळ्या अंगाला झालं होतं.

आठव्या दिवशी काकासाहेब भेटायला आले.

काकासाहेब म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. दोनदा नगरसेवक झालेले. पक्ष बदलला तरी त्यांच्यामागची माणसं तीच राहायची. चार गाड्या गल्लीत शिरल्या. काकासाहेब पडवीत सतरंजीवर टेकले, बरोबरचे दहा-बारा जण मिळेल तिथं बसले. बायका आत गोजरबाईजवळ होत्या, अमृताही आतच होती. काकासाहेबांनी अप्पारावांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते गप्प बसले. गप्प बसणं लांबत गेलं. पत्रा तापला होता, काकासाहेबांच्या कानशिलावरून घाम निघाला होता. ते एकदा मोबाइलकडं बघत, एकदा चपलांच्या ढिगाकडं. घरी आलेला माणूस अवघडलाय, त्याला उठता येत नाही, हे अप्पारावांच्या ध्यानात आलं. आयुष्यभराच्या सवयीनं त्यांनी घसा खाकरला.

"काय करता साहेब," ते म्हणाले, "त्याची दोरीच तेवढी होती."

काकासाहेबांचा श्वास मोकळा झाला. "लई मोठं मन हाय तुमचं, अप्पाराव," असं म्हणून ते उठले. दुसऱ्या दिवशी मुरमाचा एक ट्रक आला आणि चर बुजवून गेला.

तेराव्यानंतर अप्पाराव दुकानात बसू लागले. त्यांच्याकडं वीस वर्षांपासून मोतीराम होता. मोटार उघडणं, बेअरिंग बसवणं त्याचं, वाइंडिंग अप्पारावांचं. आता चाळीस-बेचाळीस वेढ्यांपर्यंत गेले की अप्पारावांचा आकडा हरवायचा. ते तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मोतीराम बघायचा आणि दुसरीकडं तोंड करायचा. घरात बोलणं म्हणजे सिलिंडर संपला, नळाला पाणी आज की परवा, एवढंच. आकाशचं नाव काढलं तर ती रडेल, म्हणून अप्पाराव काढत नसत. ते काढत नाहीत, म्हणून गोजरबाई काढत नसे. त्याची चप्पल पडवीत होती तिथंच होती. झाडताना गोजरबाई ती उचलायची आणि झाडून झालं की पुन्हा तिथंच ठेवायची.

असे चार महिने गेले. जानेवारी आला, आणि किती वर्षं रखडलेली महापालिकेची निवडणूक आली.

काकासाहेब उभे होतेच. पडेगावात त्यांची चौकसभा होती, दिवेलागणीची वेळ. रस्त्यांचं किती काम केलं ते सांगत असताना मागून कुणीतरी ओरडलं, "बावस्करांच्या पोराचं काय ते सांगा!" दोन-चार जणांनी री ओढली. काकासाहेबांचा आवाज चढला.

"अरे, मरण काय चरातनं येतंय व्हय? त्याच रस्त्यानं रोज हजार गाड्या गेल्या, मेलं का कुणी? मी स्वतः गेलो होतो त्यांच्या घरी. त्या पोराचा बापच म्हणाला मला, साहेब, दोरीच तेवढी होती! बापाला कळतंय, तुम्हाला कळंना? मेलेल्या पोराच्या नावानं मतं मागू नका!"

पुढच्या रांगेतले काहीजण हसले. ते हसणं मोबाइलमध्ये स्वच्छ आलं. सगळी मिळून एकोणीस सेकंदं.

सकाळी दुकान उघडल्यावर मोतीरामनं ती अप्पारावांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली. आपली पकड दुसऱ्याच्या हातात दिसावी आणि तिनं तो भलतंच काही पिरगळत असावा, तसं त्यांना वाटलं. मग तेही वाटेनासं झालं. त्यांनी मोबाइल परत दिला आणि तार उचलली.

दुपारपर्यंत शहर पेटलं. क्रांती चौकात काकासाहेबांच्या फोटोला जोडे मारले. बायकांनी बांगड्या फोडल्या. टीव्हीवर चौकटीत सहा डोकी भांडू लागली; एक म्हणे हा आईच्या काळजावर घाव, दुसरा म्हणे वाक्य तोडून दाखवलं, तिसऱ्याला पहिल्याच्या पक्षातला जुना खड्डा आठवला. लोक दुकानासमोर गाडी हळू करून आत डोकावायचे. सबमर्सिबल घेऊन आलेला एक शेतकरी उंबऱ्यातच थांबला. "मिस्तरी, तुम्हीच ते व्हय?" म्हणाला, आणि गहू वाळत असल्याचं सांगायचं विसरून नुसता बघत राहिला. लोक मोबाइलवर लिहीत होते, काका आम्ही तुमच्यासोबत आहोत. मधूनच कुणी लिही, पोरानं हेल्मेट घातलं असतं तर ही वेळ आली नसती.

संध्याकाळी शिवम घरी आला. काकासाहेबांच्या समोरच्या पॅनेलचा उमेदवार, तिशीच्या आतला, वकिलीची परीक्षा दिलेला. गणपती मंडळात तो आणि आकाश बरोबर असत. पडवीत शिरताना त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते.

"काका, आपल्याला गप्प बसायचं नाही," तो म्हणाला. "उद्या-परवा पत्रकारांना बोलावतो. तुम्ही दोनच वाक्यं बोला. मी असं काही म्हणालो नाही. आणि काकासाहेबांनी माझ्या मुलाच्या मरणाची थट्टा केली. बाकी आम्ही बघतो."

"अप्पा असं म्हणूच शकत नाहीत," अमृता म्हणाली. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. भाऊ गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला होता. "भावाच्या बाबतीत? अप्पा? शक्यच नाही."

अप्पारावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात गोजरबाईनं चहा आणला आणि बोलणं पुढं गेलं. रात्रीच्या जेवणाआधीच अमृतानं स्वतःचा व्हिडिओ टाकला. 'माझे वडील असं म्हणाले नाहीत. हे धादांत खोटं आहे.' दुसऱ्या दिवशी दुपारी तो दोन लाख लोकांनी पाहिला होता. अप्पारावांनीही पाहिला. पोरगी छान बोलली होती. सांगायला पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. पण उठून तिच्याजवळ जाऊन ते सांगायला जे लागतं ते अंगात कुठं सापडेना.

दुसऱ्या दिवशी दुकानात कारभारी आला. काकासाहेबांचा जुना माणूस, अप्पारावांच्या तोंडओळखीचा. त्यानं मोतीरामला बाहेर जायला सांगितलं नाही, धमकी दिली नाही, आमिष दाखवलं नाही.

"अप्पाराव, मी व्हतो त्या दिवशी तुमच्या पडवीत," तो म्हणाला. "चपलांपाशी उभा. माझ्या कानानं ऐकलंय. आमी खोटं बोलायला सांगत नाय. म्हणला व्हता, तेवढंच म्हणा."

"बघू," अप्पाराव म्हणाले. शिवमलाही ते हेच म्हणाले होते. कारभारी गेल्यावर त्यांना जाणवलं की खोटं बोलायला सांगत होती ती आपली माणसं होती, आणि खरं बोलायला सांगत होता तो कारभारी. एरवी ह्या गोष्टीचा राग आला असता, निदान हसू तरी आलं असतं.

त्याच दिवशी पडेगावच्या वळणावर फ्लेक्स लागला. 'आकाशला न्याय मिळालाच पाहिजे.' वर पाच पुढाऱ्यांची डोकी, खाली हात जोडलेला शिवम, आणि मध्ये आकाश. फोटो कुठून घेतला कोण जाणे. म्हैसमाळला काढलेला, गॉगल घातलेला, हसणारा. अप्पाराव स्कूटरवरून जाताना तो बघत. ओळखीच्या कुणाचा तरी मुलगा असावा, असं वाटून पुढं जात. गोजरबाई मात्र किराणा आणायच्या निमित्तानं दिवसातून दोनदा जायची. एवढा मोठा फोटो घरात नव्हता. ती रस्त्याच्या कडेला पिशवी खाली ठेवून उभी राहायची, आणि रिक्षावाले तिला वळसा घालून जायचे.

पत्रकार परिषद सोमवारी सकाळी ठरली. रविवारी दुपारी गोजरबाई पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. अप्पाराव शेजारी येऊन बसले. त्यांनीही मूठभर शेंगा ओढल्या. 

"आवं, एक इचारू?"

"विचार."

"तुम्ही म्हणला व्हता?"

"व्हय," अप्पाराव म्हणाले.

गोजरबाईचे हात थांबले नाहीत. "कवा?"

"आठव्या दिवशी. ते आले तवा. तू आत व्हतीस."

"का म्हणला?"

"ते गप बसले व्हते. कुणीतरी कायतरी बोलावं लागतं."

गोजरबाईनं हातातली शेंग सोलून दाणे परातीत टाकले. मग हात पदराला पुसले.

"त्यांच्याशी बोलावं लागलं," ती म्हणाली. "माझ्याशी नाय बोलला. चार महिने झाले. एक शब्द नाय. मी वाट बघती, आज बोलतेल, उद्या बोलतेल. आन तिकडं त्या माणसाला म्हणला बी, आन त्यानं ते गावभर वाटलं बी."

अप्पाराव तिच्याकडं बघत राहिले. त्यांनी मनात शोधलं. त्यांच्याजवळची सगळी वाक्यं बाहेरच्या माणसांसाठी होती. घरच्या माणसाला काय म्हणायचं, ते वडिलांनी शिकवलं नव्हतं.

"उद्या खोटं बोलू नका," गोजरबाई परात उचलत म्हणाली. "माझ्या पोराच्या नावावर खोटं नको. पण तो चर कुणी उघडा ठिवला, ते इचारा. कुणीच इचारत नाय ते."

अमृताला त्याच दिवशी सांगायचं, असं अप्पारावांनी ठरवलं होतं. पण ती शिवमच्या कार्यालयात गेली होती. आली तेव्हा थकलेली होती आणि खूश होती, आणि अप्पारावांना पुन्हा धीर झाला नाही.

सोमवारी सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत. टेबलावर सात-आठ माइक. शिवम एका बाजूला, मागं अमृता. अप्पारावांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. शिवमनं प्रास्ताविक केलं, आकाशच्या आठवणी सांगितल्या, आणि माइक सरकवला.

"मी अप्पाराव बावस्कर," ते म्हणाले. "काकासाहेब म्हणले ते खरं हाय. मी तसं म्हणलो होतो."

मागं अमृताच्या तोंडून काहीतरी निघालं. शिवमनं माइककडं हात नेला आणि परत घेतला.

"घरी आलेल्या माणसाला म्हणलो. दुखवट्याला असंच म्हणतेत आमच्याकडं. मी बी लोकायच्या घरी जाऊन असंच म्हणत आलोय. त्याचा अर्थ, चर उघडा ठेवला तर माझी काय हरकत नाय, असा होत नाय. चर कुणी खोदला, कुणी उघडा ठेवला, मला अजून कुणी सांगितलं नाय. काकासाहेबांनी नाय, आन ह्यांनी बी नाय. तेवढं सांगा. बस."

मग सगळे एकदम बोलू लागले. काकासाहेबांना माफ केलं का? तुमच्यावर दबाव आहे का? पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं माइक जवळ आणला. "काका, आज एवढं सगळं झाल्यावर तुम्हाला काय वाटतं?"

अप्पारावांनी खरंच विचार केला. "काय वाटत नाय," ते म्हणाले.

झालं. तासाभरात शहराला नवं वाक्य मिळालं. एका बाजूनं 'मी तसं म्हणलो होतो' एवढंच कापून फिरवलं आणि खाली लिहिलं, सत्याचा विजय. दुसऱ्या बाजूनं काहीच फिरवलं नाही. बातमीवाल्यांनी मथळा केला: 'काही वाटत नाही! मृत तरुणाच्या वडिलांचं धक्कादायक विधान.' चराबद्दलचं बोलणं कुठल्याच तुकड्यात नव्हतं. कालपर्यंत सोबत असलेले लोक आता विचारत होते, हा बाप आहे की दगड? कुणी लिहिलं, मॅनेज झाला. मोतीरामनं हे सगळं वाचलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मोबाइल अप्पारावांना दाखवला नाही. तरी चहावाल्याच्या टपरीवर त्यांना ते ऐकू आलंच. ऐकून ते चहा संपवून उठले.

सभागृहातून परतताना अमृता रिक्षा सोडल्यापासून घरापर्यंत त्यांच्या दहा पावलं पुढं चालत आली होती. पडवीत आल्यावर ती वळली.

"मला तरी आधी सांगायचं, अप्पा. मी सगळ्या जगाला सांगून बसले."

"तू विचारलं नाहीस," अप्पाराव म्हणाले. त्यांना दोष द्यायचा नव्हता, जे झालं ते फक्त सांगायचं होतं. पण वाक्य बाहेर पडल्यावर ते कसं लागलं हे त्यांना तिच्या तोंडावर दिसलं. तिनं व्हिडिओ काढून टाकला. तोवर तिच्या नावापुढं खोटारडी असं शे-दोनशे जणांनी लिहून झालं होतं. त्यानंतर ती बापाशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, कॉलेजला जायची.

मंगळवारी सकाळी गोजरबाई किराणा न घेताच परत आली.

"आकाशचा फोटू काढला त्यांनी," ती म्हणाली. "दुसराच कायतरी लावलाय."

अप्पाराव स्कूटर काढून शिवमच्या कार्यालयात गेले. फ्लेक्स मिळाला तर घरी ठेवावा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. शिवम त्यांना बघून उभा राहिला. त्याला लाज वाटत होती की राग येत होता, ते त्यालाच कळत नसावं. "काका, तो मुलांनी प्रचाराच्या टेम्पोवर झाकायला नेला," तो खाली बघत म्हणाला. अप्पाराव बरं म्हणून परतले. घरी येऊन त्यांनी गोजरबाईला सांगितलं, मिळाला नाही.

बुधवारी दुसऱ्या कुठल्याशा शहरात दुसऱ्या कुठल्याशा पुढाऱ्यानं बायकांबद्दल काहीतरी म्हटलं, आणि सगळे माइक तिकडं गेले. दुकानासमोर गाड्या हळू होणं थांबलं.

मतदानाच्या दिवशी अप्पाराव आणि गोजरबाई चालत शाळेत गेले. प्रभागातल्या चार जागांसाठी चार मतं द्यायची होती. चारही बटणं दाबल्याशिवाय मशीन वाजत नाही, असं आतल्या बाईनं समजावून सांगितलं. अप्पारावांनी चार दाबली. वाजलं. कुणाला दिली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

काकासाहेब चारशेच्या वर मतांनी निवडून आले. दुपारी मिरवणूक गल्लीत आली. घराजवळ आल्यावर कुणीतरी डीजे बंद करायला लावला. उघड्या जीपमध्ये गुलालानं माखलेले काकासाहेब पडवीकडं वळले आणि त्यांनी हात जोडले. अप्पाराव पडवीत उभे होते. त्यांचेही हात जोडले गेले. शेजारी उभ्या गोजरबाईनं ते पाहिलं आणि ती आत गेली. पुढच्या वळणावर डीजे पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी गोजरबाईनं अमृताच्या पुढ्यात वही ठेवली. "लिही," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"ठाण्यात द्यायचा अर्ज. चर कुणाचा व्हता, ते इचारायचं. ते सांगतेल, तू लिही." तिनं अप्पारावांकडं बोट केलं.

अमृतानं पेन उघडलं. बापाकडं न बघता तिनं वर तारीख घातली, विषय लिहिला. "घटनेचा तपशील," ती म्हणाली. "कुठून सुरू करायचं?"

अप्पाराव भिंतीला टेकून बसले. मोटारीत काय बिघाड आहे ते गिऱ्हाइकाला सांगावं, तशा आवाजात ते सांगू लागले. दूधवाल्याचा फोन पाच पंचेचाळीसला आला. ते अनवाणीच पळाले. चर कमरेइतका खोल होता, रुंदी चार फूट. मोटारसायकलचं मागचं चाक पाण्याबाहेर होतं आणि मागचा दिवा चालू होता. दूधवाला पाण्यात उतरला होता. दोघांनी मिळून पोराला वर घेतलं.

"हेल्मेट?" अमृतानं विचारलं. तिचं पेन थांबलं होतं. "लोक म्हणत होते..."

"हेल्मेट होतं डोक्यात. पट्टा लावलेला. मीच सोडला." त्यांनी हनुवटीखाली बोट नेऊन दाखवलं. "गाठ बसली होती, निघंना लवकर."

"लिही ते," गोजरबाई म्हणाली. "हेल्मेट होतं म्हणून लिही." मग ती अप्पारावांच्या समोर येऊन बसली. "तवा जीव व्हता?"

"व्हय. श्वास व्हता. रिक्षात माझ्या मांडीवर व्हता. घाटी दवाखान्याच्या अलीकडं बंद झाला."

"काय बोलला?"

"नाय. हात धरला व्हता माझा. नुसता धरला व्हता."

गोजरबाईनं मान हलवली. ती रडली नाही. "मला हे म्हाईत नव्हतं," एवढंच म्हणाली, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. अप्पारावांनी सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात काही बदल झाला नाही. डोळेही कोरडेच राहिले. फक्त मधे एकदा त्यांना पाणी लागलं, ते अमृतानं उठून दिलं.

अर्ज दोन पानं झाला. खाली अप्पारावांनी सही केली. "माझी बी घे," म्हणून गोजरबाईनं पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तिघंही ठाण्यात गेले. तिथल्या शिपायानं सांगितलं, साहेब मोजणीच्या बंदोबस्तावरून आत्ताच आलेत, सोमवारी या. सोमवारी ते पुन्हा गेले. साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला, दोनदा काहीतरी विचारलं, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. खोदकामाची परवानगी कुणाच्या नावावर होती ते मागवून घ्यावं लागेल, म्हणाले. वेळ लागेल.

शिक्क्याची ती प्रत अमृतानं घडी न घालता कॉलेजच्या फाइलमध्ये ठेवली. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "अप्पा, दुकानात जाताय?"

"जातो. दोन मोटारी द्यायच्यात."

"मला कॉलेजपाशी सोडा मग," ती म्हणाली, आणि स्कूटरवर मागं बसली. गोजरबाई रिक्षा बघत रस्त्याच्या कडेला उभी राहिली.